साखरेची साखळी!

छुन छुन छुन छुन!

ओळखा पाहू, कसला आवाज? बरोब्बर! रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू! उन्हाळ्याची दुपार, घशाला कोरड, आणि चरकातून हिरवट-पिवळ्या रसाची धार. त्यात आल्याचा तुकडा, अर्धं लिंबू. मग हातात येतो तो उंच ग्लास. वर पांढरा फेस! तो फेस ओठांवर मिशीसारखा लागलाच पाहिजे, त्याशिवाय रस प्यायल्यासारखं वाटत नाही.

पण दोस्तांनो, पुढच्या वेळी रस पिऊन झाला की लगेच पळू नका. चरकाच्या मागे डोकावून बघा. पिळून काढलेल्या चिपाडांचा केवढा ढीग पडलेला असतो!

आता सांगा, या एका ग्लासातून आणि त्या ढिगातून काय काय बनत असेल?

साखर? हो. गूळ? हो. काकवी? वा, बरोबर! आणखी?

स्कूटरचं इंधन! विमानाचं इंधन! लेगोच्या खेळण्यातलं इवलंसं झाड! हातावर चोळायचं सॅनिटायझर! आणि एक असं तेल, ज्यामुळे खोल समुद्रातल्या शार्कचा जीव वाचू शकतो!

शार्क? उसामुळे? हो, हो, शार्कच! पण ती गोष्ट नंतर. मध्येच खाली उडी मारून वाचायचं नाही हं!

आधी तुमच्या कानात एक गुपित सांगते. ऊस हे झाड नाहीच. ते गवत आहे!

खरंच! मैदानावर आपण ज्या हरळीवर लोळतो ना, तिचा हा लांबचा भाऊ. गहू, भात, ज्वारी, मका, बांबू, सगळे याच घराण्यातले. फक्त हा भाऊ भलताच उंच झाला. दोन बाबा एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले, तरी शेंडा हाताला लागायचा नाही असा! आपल्याकडे आडसाली उसाची लागण पावसाळ्यात होते आणि तो सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. तुमची एक इयत्ता संपते, दुसरी निम्मी होते, तरी हा आपला तिथेच!

इतके दिवस करतो काय तो? स्वयंपाक!

पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. मुळं पाणी वर पाठवतात. चूल कुठली? सूर्य! या तिघांतून तयार होते साखर. थोडी साखर ऊस वाढण्यासाठी वापरतो आणि उरलेली पेरांमध्ये भरून ठेवतो. आई बरणीत लाडू भरून ठेवते ना, अगदी तशी. एक किलो उसात साधारण सातशे ग्रॅम पाणी असतं, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर आणि जवळपास तेवढाच चोथा.

म्हणजे उसाचं कांडं चोखताना आपण मागच्या वर्षीचं ऊन चोखत असतो. मला तर हे आठवलं की रस जास्तच गोड लागतो!

चला, आता मैदानावर. साखळीचा खेळ येतो ना? हात धरायचे, साखळी करायची. कधी दोघांची, कधी चौघांची, कधी अख्ख्या वर्गाची. आजची सगळी गोष्ट या एका खेळाची आहे.

साखरेचा एक दाणा घ्या. तो मोडा. तुकडा पुन्हा मोडा. मोडत मोडत अगदी शेवटच्या, मोडला तर साखरच राहणार नाही अशा कणापर्यंत पोहोचा. (डोळ्यांना नाही दिसणार. मनानेच पोहोचायचं.) या कणात कार्बनचे बारा अणू असतात. कार्बन म्हणजे तोच, जो कोळशात असतो आणि तुमच्या पेन्सिलीच्या शिसात असतो. काळाकुट्ट कार्बन पांढऱ्याशुभ्र साखरेत! आहे की नाही गंमत?

कार्बन हा वर्गातला सर्वांत मिळूनमिसळून वागणारा मुलगा. त्याला चार हात! दिसला कुणी की धर हात. साखरेच्या कणात अशी बारा कार्बन-मुलं असतात, सहा-सहाच्या दोन टोळ्यांत. या टोळ्या तोडायच्या आणि नव्याने हात धरायला लावायचे, की नवी वस्तू तयार!

पण इतक्या बारीक मुलांचे हात सोडवणार कोण? आपली बोटं तर डोंगराएवढी.

त्यासाठी कामगारही तसेच बारीक हवेत. असा एक कामगार तुमच्या जवळच्या बेकरीत राहतो. त्याचं नाव यीस्ट!

यीस्ट ही एक बुरशी आहे. एकच पेशी, गोल-लांबट, साबुदाण्यासारखी. पण इतकी लहान की एका मिलिमीटरच्या रेषेवर साधारण दोनशे यीस्ट रांगेत उभे राहतील. पट्टीवर एक मिलिमीटर किती असतो, बघा बरं. त्यात दोनशे!

यीस्टला साखर भयंकर आवडते. तिच्या शास्त्रीय नावातही साखरच आहे, सॅकॅरोमायसीस, म्हणजे साखरेची बुरशी. आणि उसाचं शास्त्रीय नाव? सॅकॅरम! दोन्ही नावांच्या मुळाशी कोणता शब्द आहे, माहीत आहे? आपला संस्कृत ‘शर्करा’. शर्करेची झाली साखर, आणि तीच शर्करा फिरत फिरत इंग्रजीत जाऊन झाली शुगर. शब्दसुद्धा किती प्रवास करतात!

तर यीस्ट काय करते? आधी बाराची टोळी तोडून सहा-सहा करते. मग प्रत्येक सहाच्या टोळीचे करते चार गट. दोन, दोन, एक आणि एक. जुळतं का बघा. दोन अधिक दोन अधिक एक अधिक एक. सहा!

एकेकटा कार्बन ऑक्सिजनचे हात धरतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यातून उडून जातो. पावात भोकं असतात ना? ती या बुडबुड्यांची घरं! (इडलीचं पीठही फुगतं, पण तिथे मुख्य काम जिवाणूंचं असतं.)

आणि दोन कार्बनची जोडी? तीच आजची नायिका. इथेनॉल!

तिला तुम्ही भेटला आहात. सॅनिटायझर हातावर घेतलं की गार गार वाटतं आणि नाकात झिणझिणी येते ना? ते बहुतेक वेळा इथेनॉलमुळे. २०२० मध्ये करोना आला, तेव्हा देशातल्या कितीतरी साखर कारखान्यांनी आणि अल्कोहोलच्या कारखान्यांनी सॅनिटायझर बनवून दिलं. म्हणजे तेव्हा आपण चक्क उसाने हात स्वच्छ करत होतो!

आता मोठ्या कारखान्यात शिरू या. ऊस येतो ट्रॉलीतून, बैलगाडीतून. रसवंतीचा चरक घ्या आणि त्याला एखाद्या खोलीएवढा करा. असे चरक एकामागे एक. रस निघतो, तो चुना घालून स्वच्छ करतात, आटवतात, साखरेचे दाणे वेगळे काढतात. शेवटी उरते काळी, चिकट, मधासारखी दाट मळी. तिच्यातही साखर असते, पण तिचे दाणे काढणं परवडत नाही.

माणसांना परवडत नाही. यीस्टला परवडतं! मळीत पाणी मिसळतात, यीस्ट सोडतात आणि मोठमोठ्या टाक्यांत आंबायला ठेवतात. जेमतेम एक-दीड दिवस! टाकीत नुसती खळखळ, जणू आत कुणी हसतंय. आता एक आकडा ऐका. त्या टाकीतल्या वीसेक थेंबांत दहा कोटींहून जास्त यीस्ट असतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. अख्खा महाराष्ट्र वीस थेंबांत! आणि सगळे कामाला लागलेले!

इतके जण एकदम काम करतात, मग टाकी गरम होते. मधल्या सुट्टीत धावल्यावर तुम्ही होता तशीच. म्हणून टाक्या सतत थंड ठेवाव्या लागतात. नाहीतर बिचारे यीस्ट मरून जातात.

हे सगळं सजीव करतात, हे पूर्वी फारसं कुणाला पटायचं नाही हं! लोकांना वाटायचं, रस आपोआप आंबतो. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील या गावी बिटाच्या रसापासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखान्यात गडबड झाली. रस आंबट, घाण व्हायला लागला. मालकाने मदत मागितली तिथल्या एका प्राध्यापकाकडे. प्राध्यापकाने सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवले. चांगल्या टाकीत दिसले गोल यीस्ट. बिघडलेल्या टाकीत दिसले वेगळेच, काडीसारखे जिवाणू! रस आपोआप बिघडला नव्हता, तिथे दुसरेच पाहुणे घुसले होते. त्या प्राध्यापकाचं नाव लुई पाश्चर. हो, पुढे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस शोधणारे तेच!

बरं, टाकीतल्या पाण्यात इथेनॉल तर तयार झालं. पण किती? शंभर वाट्यांत आठ-दहा वाट्या. बाकी बहुतेक पाणीच. ते वेगळं कसं करायचं?

भाताच्या भांड्यावरचं झाकण आठवा. उचललं की आतून थेंब टपटप! वाफ थंड झाली की पुन्हा पाणी होते. पाणी उकळतं १०० अंश सेल्सियसला. इथेनॉलला घाई फार, ते ७८ अंशांनाच उकळतं. म्हणून तापवलं की इथेनॉल पुढे पळतं, पाणी मागे राहतं. कारखान्यात यासाठी इमारतीएवढे उंच मनोरे असतात. वर जाईल तसं इथेनॉल शुद्ध शुद्ध होत जातं.

होतं, होतं... आणि ९५-९६ टक्क्यांवर अडतं! कितीही उकळा, शेवटचं थोडंसं पाणी सोडतच नाही. शाळा सुटली तरी फाटकात बोलत उभ्या राहणाऱ्या जिवलग मैत्रिणी असतात ना, तसं.

आणि इथे येते माझी सर्वांत आवडती युक्ती!

साबुदाण्याएवढे मणी घेतात. खास खनिजाचे. या मण्यांना भोकं असतात. केवढी? एका मिलिमीटरचे एक कोटी तुकडे करा. त्यातले तीन तुकडे जोडा. तेवढी! पाण्याचा कण त्याहून किंचित बारीक, म्हणून तो भोकात शिरतो. इथेनॉलचा कण मोठा, चार तुकड्यांहूनही जास्त. तो बाहेरच! वर्गाच्या खिडकीच्या गजांतून मांजर आत येतं, कुत्रा येऊ शकत नाही. तसंच! पाणी मण्यांत अडकतं आणि इथेनॉल कोरडं ठणठणीत होऊन पुढे जातं.

इतकी खटपट कशाला? पेट्रोलमध्ये मिसळायचं म्हणून! पाणी जास्त राहिलं तर टाकीत पेट्रोल एकीकडे आणि इथेनॉल-पाणी दुसरीकडे, अशी फूट पडते.

तुम्ही बाबांबरोबर किंवा आईबरोबर पेट्रोल पंपावर जाता ना? तिथे ‘ई २०’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, पाच लिटरमध्ये चार लिटर पेट्रोल आणि एक लिटर इथेनॉल! आपल्या देशात २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांपासून हे सुरू झालं. २०२२ मध्ये दहा टक्के झालं, २०२५ मध्ये वीस. सगळं इथेनॉल उसाचंच असतं असं मात्र नाही. आता मका आणि तांदूळ यांचाही त्यात मोठा वाटा आहे. यीस्टला काय, साखर मिळाल्याशी कारण!

एक लिटर इथेनॉलला किती ऊस लागतो? थेट रसापासून केलं तर एक टन उसातून साधारण ७० लिटर. म्हणजे एका लिटरला चौदा किलोच्या आसपास. दप्तरासकट तुमचं वजन करा आणि बघा, तुमच्याएवढ्या उसात किती लिटर बसतात!

पण मग पंचाईत अशी. तोच एक टन ऊस साखरेसाठी वापरला, तर मिळते शंभर किलोच्या आसपास साखर, आणि उरलेल्या मळीतून फक्त दहाएक लिटर इथेनॉल. लाडू हवेत की स्कूटर? पाऊस कमी झाला, ऊस कमी पिकला, की हा प्रश्न आणखी अवघड होतो. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, ती याच काळजीने. साखर कमी पडू नये म्हणून!

आणखी एक खरं सांगायला हवं. इथेनॉलमध्ये पेट्रोलएवढी ताकद नाही. तीन वाट्या इथेनॉल म्हणजे दोन वाट्या पेट्रोल, असं काहीसं. मग त्याचं एवढं कौतुक का?

कारण पेट्रोल जळतं तेव्हा कोट्यवधी वर्षं जमिनीखाली झोपलेला कार्बन हवेत येतो. हवेत नवीनच भर! त्यामुळे पृथ्वी तापते. उसाने मात्र आपला कार्बन परवा-परवाच हवेतून घेतलेला असतो. जळला की तो हवेत परत, आणि पुढच्या वर्षीचा ऊस तो पुन्हा आत घेतो. वाचनालयातलं पुस्तक जसं नेलं, परत केलं, पुन्हा नेलं. (ट्रॅक्टरला डिझेल लागतं, खतं बनवायला इंधन लागतं, म्हणून हिशेब अगदी शून्याचा होत नाही. पण पुष्कळ बरा होतो.)

उसाच्या इंधनाच्या या खेळात सगळ्यांच्या पुढे कोण आहे? ब्राझील! १९७३ मध्ये जगात तेल एकदम महाग झालं. ब्राझीलकडे तेल कमी, ऊस भरपूर. १९७५ मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं, आपण उसाचं इंधन करायचं. १९७९ मध्ये तिथे फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट गाडी विकायला आली. तिची एकच तक्रार होती, थंडी! गार सकाळी इथेनॉलची वाफ पटकन होत नाही, म्हणून गाडी सुरूच होईना. अशा गाड्यांना जवळ पेट्रोलची एक छोटी टाकी द्यावी लागली. थंडीत आपल्याला चहा लागतो ना, तसा गाडीला पेट्रोलचा घोट!

२००३ मध्ये तिथे आली अशी गाडी, जिला काहीही चालतं. पेट्रोल भरा, इथेनॉल भरा, दोन्ही मिसळून भरा! गाडी धुरातला ऑक्सिजन तपासते, आत काय भरलंय ते ओळखते आणि तसं इंजिन जुळवून घेते. आजी आमटी चाखून सांगते ना, मीठ जरा कमी आहे? अगदी तशी हुशार!

आणि विमान? ब्राझीलमध्ये ‘इपानेमा’ नावाचं एक छोटं विमान आहे. शेतांवर फवारणी करणारं. २००४ मध्ये त्याला शुद्ध इथेनॉलवर उडायची परवानगी मिळाली. म्हणजे विचार करा, उसावर उडणारं विमान उसाच्याच शेतावरून भिरभिरतंय!

मोठ्या प्रवासी विमानांना मात्र इथेनॉल चालत नाही. त्यांना लांब साखळीचं इंधन लागतं, आठ ते सोळा कार्बन-मुलं हात धरून उभी असलेलं. इथेनॉल तर दोघांचंच! मग काय करायचं? अहो, साखळीचाच खेळ ना हा? छोट्या साखळ्या एकमेकींना जोडायच्या! अल्कोहोलपासून असं विमानाचं इंधन बनवता येतं. १९ मे २०२३ या दिवशी आपल्या पुण्याहून एक प्रवासी विमान दिल्लीला उडालं. त्याच्या इंधनात पुण्याच्याच प्राज कंपनीने देशातल्या कच्च्या मालापासून केलेलं इंधन थोडंसं मिसळलेलं होतं. अगदी थोडंसंच, पण उडालं की!

आता साखळी आणखी लांब करू या. हजारो मुलांची!

इथेनॉलमधून पाण्याचा अंश काढून टाकला की एक वायू उरतो, इथिलीन. हा तुमचा जुना मित्र आहे. उन्हाळ्यात आजोबा पेंढ्यात आंब्यांची अढी घालतात. आंबे पिकायला लागले की याच वायूचा सुस्कारा सोडतात. तो शेजारच्या आंब्याला लागतो, मग तोही पिकतो. म्हणून तर अढी एकदम पिकते!

हाच इथिलीन, दोन-दोन कार्बनच्या जोड्या. हजारो जोड्या एका रांगेत जोडल्या की काय होतं? प्लास्टिक! ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलचं प्लास्टिक बनवणारा मोठा कारखाना आहे. सुरुवातीलाच वर्षाला दोन लाख टन करू शकेल असा. आणि २०१८ मध्ये लेगो कंपनीने आपल्या खेळण्यांतली पानं, झुडपं आणि झाडं याच प्लास्टिकची करायला घेतली. खेळण्यातलं झाड खऱ्याखुऱ्या गवतापासून!

मात्र एक लक्षात ठेवा हं. ऊस खाता येतो, कुजतो. हे प्लास्टिक कुजत नाही. साखळी नेहमीच्या प्लास्टिकचीच, म्हणून गुणही तेच. कचऱ्यात टाकलं तर ते वर्षानुवर्षं पडून राहणार. खेळून झालं की धाकट्या भावंडाला द्यायचं!

कुजणारंही आहे बरं का. त्यासाठी कामगार बदलायचा! यीस्टऐवजी दह्यातल्या जिवाणूंसारखे जिवाणू घ्यायचे. ते सहाच्या टोळीचे तीन-तीन करतात. ही तीनची टोळी म्हणजेच दह्याला आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्ल. त्याची लांब साखळी केली की वेगळंच प्लास्टिक होतं, आणि ते गरम खताच्या ढिगात कुजू शकतं. थायलंडमध्ये रायोंग इथे उसाच्या साखरेपासून ते बनतं. अशाच साखळ्यांचे धागे डॉक्टर टाके घालायला वापरतात. जखम भरते आणि टाके आपोआप विरघळतात!

आणि आता... शार्क!

खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृतात खूप तेल असतं. त्याच्या जोरावर तो पाण्यात हलका राहतो. त्या तेलापासून त्वचेला लावायच्या मलमांसाठी स्क्वालेन नावाचा पदार्थ काढत, आणि त्यासाठी कितीतरी शार्क मारले जात. स्क्वालेनच्या साखळीत कार्बन असतात तीस. मग शास्त्रज्ञांनी यीस्टला नवी शिकवण दिली. तिच्या आतल्या सूचनाच बदलल्या! ती उसाची साखर खाऊन पंधरा कार्बनचं फार्नेसीन बनवायला लागली. हिरव्या सफरचंदाच्या सालीवर असतं ना, तसलंच. पंधराच्या दोन साखळ्या जोडल्या की किती? तीस! झालं स्क्वालेन, शार्कला हातही न लावता. हे फार्नेसीनही ब्राझीलमध्येच उसाच्या साखरेपासून करायला लागले.

अरेच्चा, चिपाडांचा ढीग तर राहिलाच!

कारखान्यात चिपाडाला बगॅस म्हणतात. तो जाळून वाफ करतात, वाफेवर वीज. त्या विजेवर कारखाना चालतो आणि उरलेली विकतात. गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं घालतात, तीच जुनी युक्ती. तमिळनाडूत बगॅसचा कागद बनतो. लग्नातल्या पत्रावळीही बनतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. चिपाड हीसुद्धा साखरच आहे!

खोटं वाटतं? चिपाड, कापूस, तुमच्या वहीचा कागद, यांत साखरेचे कण घट्ट हात धरून हजारोंच्या रांगेत उभे असतात. इतके घट्ट की आपल्या जिभेला गोडी कळत नाही, पोटाला पचत नाही. गाईला पचतं, कारण तिच्या पोटातले जंतू हात सोडवतात.

असाच एक हात सोडवणारा सापडला तो युद्धात! दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर अमेरिकी सैनिकांचे तंबू आणि कपडे भराभर सडायला लागले. शत्रू कोण? एक बुरशी! ती चक्क कापूस खात होती. एल्विन रीस या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पिच्छा पुरवला. पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीसाय. आज तिच्याकडून मिळणाऱ्या बारीक ‘कात्र्या’ वापरून चिपाडाची साखर करतात आणि त्या साखरेचं इथेनॉल. ब्राझीलमध्ये पिरासिकाबा इथे असा कारखाना उभारला गेला. तंबू सडवणारी शत्रू गाडी चालवायला मदत करते!

आता थोडं हळू बोलते.

या सगळ्याची सुरुवात होते उसाच्या फडात. तिथे हातात कोयता घेऊन पहाटेपासून ऊस तोडतात ती माणसं बीडसारख्या कोरड्या भागांतून आलेली असतात. दिवाळीच्या सुमारास येतात, उन्हाळा लागताना परत जातात. बरोबर तुमच्याएवढी मुलं असतात. त्यांची गावाकडची शाळा अर्ध्यावर सुटते. काही ठिकाणी त्यांच्यासाठी कारखान्याजवळ साखरशाळा भरतात. सगळीकडे नाही. मला हे फार टोचतं. ज्या उसाचं विमान उडतं, तो तोडणाऱ्यांच्या मुलीला पुस्तक मिळालंच पाहिजे.

आणि पाणी! ऊस वर्षभर तहानलेला असतो. शेजारच्या गावात टँकर येत असेल आणि इथे पाटाने उसाला पाणी सुटत असेल, तर ते बरं नाही. म्हणून कितीतरी शेतकरी ठिबक नळ्या लावतात, थेंब थेंब, थेट मुळाशी. इथेनॉल काढून झाल्यावर उरणारं तपकिरी पाणीही तसंच सांभाळावं लागतं. एका लिटर इथेनॉलमागे ते आठ-दहा लिटर किंवा त्याहून जास्त निघतं. नदीत सोडलं तर मासे मरतात. नीट वापरलं तर त्यातून स्वयंपाकाच्या गॅससारखा वायू मिळतो आणि पिकांसाठी पोटॅशचं खतही! पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथे ऊस, साखर, अल्कोहोल याच गोष्टींचा अभ्यास होतो. कुणी सांगावं, तुमच्यातलंच कुणीतरी उद्या तिथे असेल!

चला, आता हात धुवा. प्रयोग करायचाय! घरातल्या मोठ्यांना सांगून.

एक रिकामी छोटी बाटली घ्या. त्यात अर्धा पेला कोमट पाणी. बोट बुडवल्यावर छान वाटेल इतपतच, कढत नको, आपले कामगार भाजतील! दोन चमचे साखर विरघळवा. किराणा दुकानात किंवा बेकरीत कोरडं यीस्ट मिळतं, ते एक चमचा घाला. हलवा. आता बाटलीच्या तोंडावर एक फुगा ताणून बसवा आणि बाटली उबदार जागी ठेवा. आतलं पाणी प्यायचं मात्र नाही. झाल्यावर मोरीत ओतून टाकायचं.

अर्ध्या-पाऊण तासात बघा. लोळत पडलेला फुगा हळूहळू उठून बसेल. मग उभा राहील! त्यात भरलेत एकेकटे कार्बन, ऑक्सिजनचे हात धरून. आणि खाली पाण्यात, तुम्हाला न दिसता, जोड्या तयार होतायत.

दुसऱ्या बाटलीत साखरेऐवजी गूळ घाला. तिसरीत उसाचा रस. तिन्ही फुगे एकाच वेळी लावा.

कोणता आधी उभा राहिला? मला पत्र लिहून नक्की कळवा!